बाजेशेजारचा माठ

माझ्या पोटात दर महिन्याला जे व्हायचं त्याला नाव मिळायला मला शिकून मास्तरीण व्हावं लागलं, लग्न करावं लागलं आणि सासऱ्यांचा राग ओढवून घ्यावा लागला. तोवर आम्ही त्याला 'पोट दुखतं' एवढंच म्हणत असू. पोट काय, कशानेही दुखतं. कच्ची कैरी खाल्ली तरी दुखतं. त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटायचं नाही.

अमरावतीला माझी माय संत्र्यांच्या बाजारात निवडणीला जायची. मोर्शीकडून संत्र्यांच्या गाड्या यायच्या आणि हंगामात आमच्या घरातल्या पांघरुणांनासुद्धा सालीचा वास लागायचा. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मायने मला मागच्या खोलीतल्या कोपऱ्यात पोतं अंथरून दिलं आणि चुलीला, पाण्याला शिवू नकोस म्हणून सांगितलं. गावाने आम्हाला विहिरीपासून लांब ठेवलं होतं आणि आम्ही आमच्या बायकांना घरातल्या माठापासून. यात काही चुकतंय असं तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, कारण मला तो कोपरा हवाच होता.

माझ्या मैत्रिणी त्या दिवसांत सागरगोटे खेळत. त्यांना ती सुट्टीच वाटायची. मी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची. कंबरेतून कळ निघायची ती मांड्यांत उतरायची, घाम फुटायचा, पोटातलं सगळं उलटून पडायचं आणि परसाकडे जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. माय बाजारातून आली की चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पोटाशी द्यायची. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मूल झालं की थांबेल. दुखणं माझं आणि औषध मात्र नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती, असा हा प्रकार होता.

छप्पन साली माझे बाबा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर विटाळही गेला. बाबांनी कोपऱ्यातलं ते पोतं उचललं, अंगणात झटकलं आणि म्हणाले की आता याच्यावर फक्त गहू वाळतील. मला फार आनंद झाला होता. मी तेव्हा मास्तरकीचं शिक्षण घेत होते आणि असल्या गोष्टींचा मला मनापासून राग येऊ लागला होता. माझं पोट मात्र दीक्षा घ्यायला तयार नव्हतं. ते पूर्वीसारखंच दुखत राहिलं. मायने त्यावर तोड काढली. ती मला समोरच्या खोलीतच निजू द्यायची आणि कोणी विचारलं तर पोरगी अभ्यास करून थकली म्हणायची.

मग लग्न होऊन मी अकोल्याला आले. नवरा सरकारी कचेरीत कारकून, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. घरात आम्ही चौघं: आम्ही दोघं, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांनी उभी उमर अकोटच्या जिनिंगमध्ये काढली होती. कापसाच्या धुळीने त्यांचा आवाज कायमचा बसला होता आणि तरीही वस्तीतल्या लोकांना रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे तेच. वस्तीत कुणी चोरून जुने देव पुजले, कुणी सुनेला बाहेर बसवलं, की मामाजी त्या घरी जाऊन तासभर बसायचे आणि बोलून बोलून त्या माणसाला नको नको करून सोडायचे. मला ते फार आवडायचे. माझ्या हातात पगार ठेवून 'तुया पैसा हाय, तूच पाह्य' म्हणणारा सासरा त्या काळी किती जणींना मिळाला असेल?

पण त्याच घरात माझी कोंडी झाली. दिवस जवळ आले की आधी मन काळवंडायचं. उगाच रडू यायचं. कोथिंबीर निवडताना डोळे भरून यायचे आणि शाळेत पाढा चुकलेल्या मुलीवर मी अशी खेकसायची की ती बिचारी बरोबर येत असलेला पाढाही विसरायची. नवऱ्याला हे ठाऊक झालं होतं. तो हळूच विचारायचा, आज आभाळ आलंय का? मी हसायची आणि लगेच चिडायचीही. आणि मग कळा सुरू झाल्या की मी मागच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची.

आमचा पाण्याचा माठ उंच घडवंचीवर असायचा. ते लाकडी तिवईसारखं उंच टेबल कुत्र्यामांजरांचं तोंड लागू नये म्हणून मामाजींनी मुद्दाम करून घेतलं होतं. मला सरळ उभं राहून त्यात ओगराळं घालणं त्या दिवसांत जमायचं नाही, म्हणून मी नवऱ्याकडे पाणी मागायची. सासूबाई हे बघत होत्या. दर महिन्याला सून मागच्या खोलीत जाते, चुलीकडे येत नाही, माठाला हात लावत नाही. त्यांनी याचा जो अर्थ काढला तो त्यांच्या जागी असते तर मीही काढला असता. मनाने त्या भाबड्या, कुणाला काही न बोलणाऱ्या होत्या. पण अर्थ घरात फिरायला बोलावं लागतंच असं नाही.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आमच्याच अंगणात खीर करायची होती. वैशाखातलं अकोल्याचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून जमल्या, मोठ्या गंजात दूध आटायला लागलं आणि मी मागच्या खोलीत भिंतीला पाय लावून पडले होते. शेजारची एक बाई, सगळ्यांची थट्टा करणारी, सासूबाईंना विचारायला लागली की सूनबाई कुठे आहे. सासूबाई म्हणाल्या, तिले बरं नाही. त्यावर ती बाई हसून म्हणाली, "बरं नाई म्हंजे बसली काय? तुमच्या घरीबी चालते का मंग हे?"

बाहेर पताका बांधत असलेल्या मामाजींनी ते ऐकलं. मामाजी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. आवाज तर त्यांचा बसलेलाच होता, तो त्यांनी आणखी खाली आणला.

"या घरात इटाळ कोणी पाळत नाई. तुले पाळाचा असंन तं माहेरी जाऊन पाळ."

मी उठून बसले आणि म्हणाले, "मामाजी, माझं पोट दुखतं."

"दर महिन्यालेच दुखते?"

या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' होतं. आणि 'हो' म्हटलं की आरोप सिद्ध होत होता. मी उभी राहिले. पदर खोचला, बाहेर गेले आणि खिरीच्या गंजाशी बसले. सगळ्यांसमोर माठातलं पाणी काढलं, सगळ्यांना वाढलं आणि मग घरामागे जाऊन ओकले. मला रडू आलं ते दुखण्याने नाही, अपमानाने. ज्या माणसासारखं आपण व्हावं असं मला वाटायचं त्याच माणसाला मी खोटी आणि जुनाट वाटत होते. नवऱ्याला खरं काय ते माहीत होतं, पण वडिलांसमोर बोलायची वेळ आली की त्याला खोकला यायचा.

त्यानंतर मी आडवी झालेच नाही. कळा येत असतानाच स्वयंपाक करायची, शाळेत टेबलाची कड धरून शिकवायची. मामाजींची मर्जी परत बसली. सूनबाई समजावल्यावर समजली, असं ते एकदा कुणालातरी सांगत होते. ते ऐकून मला इतका संताप आला की त्या दिवशीची डाळ मी खारट करून ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. मला आतून वाटायला लागलं होतं की हे असंच चालायचं, आपण जन्मभर खोटं हसत उभं राहायचं आणि एक दिवस कुठेतरी कोसळायचं.

पोळा झाल्यावर माय चार दिवस राहायला आली. ती आली त्याच दुपारी तिने मला चुलीपुढे बघितलं. माझ्या तोंडाचा रंग बघून तिने हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तशीच बाहेरच्या खोलीत गेली. व्याह्यांपुढे ती एरवी डोक्यावरचा पदर सावरूनच बोलायची. त्या दिवशी तिचा पदर खांद्यावर होता.

"इवाई, पोरीले मी अमरावतीले नेतो," ती म्हणाली. "तिथं बायांच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर हाय."

मामाजींनी काहून म्हणून विचारलं. मायने सांगितलं, पोरगी मोठी झाली तेव्हापासून हे दुखणं आहे, पूर्वी मी तिला विटाळाच्या नावाखाली निजू देत होते, आता तर तेही गेलं. मामाजी बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत बसले. त्यांना मायचं बोलणं खोटंही म्हणता येईना आणि खरंही मानवेना. शेवटी म्हणाले, "मीबी येतो. डॉक्टर काय म्हणते ते मले माया कानानं ऐकाचं हाय."

मामाजींचा शिकलेल्या माणसावर फार विश्वास होता. त्यामुळे मला धडकीच भरली. आजवरच्या दोन्ही डॉक्टरांनी काही नाही म्हणूनच सांगितलं होतं. हिनेही तसंच म्हटलं तर मग बोलायला जागाच उरणार नव्हती. मी सोंग करते हे डॉक्टरच्या तोंडून शाबीत झालं असतं आणि त्या घरात मी मान वर करून राहू शकले नसते.

पुढच्या महिन्यात, कळा सुरू झाल्या त्याच दिवशी, आम्ही निघालो. मायनेच तसं ठरवलं होतं, दुखत असताना दाखवू म्हणून. गाडीत मी खिडकीशी, समोर माय आणि मामाजी. मामाजींनी फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेतलं होतं. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी तांब्याची फिरकी काढली आणि तो माझ्यापुढे धरला. माझ्या घशाशी आलं होतं, पाण्याच्या नुसत्या विचाराने ढवळत होतं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फिरकी परत घट्ट बसवली आणि तांब्या पिशवीत ठेवून दिला. माझ्या लक्षात आलं की ते पाणी नुसतं तहानेसाठी पुढे केलेलं नव्हतं, मी तांब्याला शिवते का तेही त्यांना बघायचं होतं. पण तेव्हा माझ्या अंगात तोंड उघडण्याचीसुद्धा ताकद नव्हती. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो.

डॉक्टरीण बाई केस पिकलेल्या, भिंगाच्या जाड चष्म्याच्या, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी आधी मला आणि मायला आत घेतलं. जे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते ते त्या एकामागून एक विचारत गेल्या. शौचाच्या वेळी दुखतं का, नवऱ्याजवळ गेलीस की दुखतं का, दिवस यायच्या आधी मन उदास होतं का. प्रत्येक प्रश्नाला मी 'हो' म्हणत होते आणि मला हसूच यायला लागलं. ही बाई माझ्या पोटात राहून आली की काय? मग त्यांनी तपासलं. त्यांचा हात एका ठिकाणी टेकला आणि मी ओरडले.

नंतर त्यांनी मामाजींना आत बोलावलं. मामाजी टोपी हातात घेऊन उभेच राहिले. डॉक्टरीण बाईंनी त्यांना खुर्चीवर बसायला लावलं आणि समजावून सांगितलं की गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं, दर महिन्याला ते तयार होतं आणि रक्तावाटे निघून जातं. या मुलीला तसलंच अस्तर बाहेर वाढलंय, बीजकोशावर, आतड्याजवळ. तेही दर महिन्याला रक्त सोडतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नाही. ते आतच साचतं, सगळं एकमेकांना चिकटवतं आणि दुखवतं. पोट उघडल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही, पण एका बाजूला गाठ हाताला लागते आहे.

मामाजी खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हंजे जिनातली रुई उडून आढ्याले जाऊन बसते, तसं काय? तिचं तिथं काही काम नसते, पण बसते."

डॉक्टरीण बाईंना आधी जिन म्हणजे काय ते विचारावं लागलं. कळल्यावर त्या म्हणाल्या, अगदी तसंच, फक्त ही रुई झाडून निघत नाही.

तेव्हा मामाजींनी तोच प्रश्न विचारला, जो दारात उभं राहून मला विचारला होता. पण आता आवाज वेगळा होता. "मंग हे दर महिन्यालेच दुखंन?"

"दर महिन्यालाच," त्या म्हणाल्या. "तीच तर या दुखण्याची खूण आहे. आणि त्या दिवसांत हिला उभं ठेवू नका. पडू द्या, शेक द्या."

मायने डोळे पुसले. मी मामाजींकडे बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. मी डॉक्टरीण बाईंना त्या दुखण्याचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मी ते परतीच्या गाडीत पाठ केलं. एन्डोमेट्रिओसिस. इतकं लांबलचक नाव असलेली वस्तू खोटी असूच शकत नाही, असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं. दुखणं तितकंच होतं, पण आता मी त्याच्यासोबत एकटी नव्हते.

ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झालं. ते आधीच सांगून टाकते. एका बाजूची काळ्या रक्ताची गाठ काढली, चिकटलेलं जमेल तेवढं मोकळं केलं. दुखणं गेलं नाही, पण त्याचे दात पडले. आधी मला ते लोळवायचं, नंतर नुसतं बसवायचं. मूल होईल की नाही ते सांगता येत नाही असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, आणि झालं नाही. त्याचं दुःख झालं, काही वर्षं फारच झालं. पण शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवलं आणि एखादी मुलगी बाकावर वाकून, तोंड पांढरं करून बसली तर तिला 'नाटक करू नकोस' असं मी कधीच म्हटलं नाही. तिला माझ्या खोलीत नेऊन आडवं करायची आणि तिच्या आईला बोलावून घ्यायची. एवढं जरी केलं तरी त्या दुखण्याचं काही सार्थक झालं असं मला वाटतं.

पण मला सांगायचा आहे तो अमरावतीहून आल्यानंतरचा पहिला महिना. मामाजी घरी आल्यापासून फार बोलत नव्हते. त्यांची अडचण मला कळत होती. सून पडून राहिली तर वस्ती म्हणणार, बघा, याच्याच घरी विटाळ. उभी ठेवली तर डॉक्टरणीचं ऐकलं नाही. वस्तीत कुणाकुणाला ते लांबलचक नाव समजावून सांगणार? आणि त्यांनी माझ्यापाशी चूक झाली वगैरे म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. त्या पिढीतली माणसं सुनेला असं म्हणत नसत.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी मी मागच्या खोलीकडे निघाले, तर मामाजींनी मला थांबवलं. त्यांनी स्वतःची बाज उचलून समोरच्या खोलीत, अगदी दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडूनच जावं लागेल अशी टाकली. तिच्यावर गोधडी घातली आणि मला निजायला सांगितलं. मग आत गेले आणि भरलेला माठ दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. वय झालेलं, पाणी हिंदकळून त्यांच्या बंडीवर सांडत होतं. सासूबाई मागून विचारत होत्या, हे काय करून राहिले. त्यांनी माठ माझ्या उशाशी जमिनीवर ठेवला, वर ओगराळं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरनं निजाले सांगतलं, ते निजंन. पन या दिवसात घरातलं पाणी तिच्याच हातचं. ज्याले तहान लागंन त्यानं तिच्यापाशी याव."

दुखण्याच्या दिवशी मला पाणपोईवर बसवलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो हसला आणि मुकाट्याने पेला घेऊन आला. सासूबाई आल्या. दुपारी ती थट्टा करणारी शेजारीण काही मागायला आली, तिला मामाजींनी बसवलं आणि उन्हातून आलीस, पाणी पी म्हणाले. मी पडल्या पडल्या कोपरावर उठून तिला पाणी दिलं. तिने माझ्याकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, माठाकडे बघितलं आणि पाणी प्याली. त्या दिवसापासून वस्तीत तो विषय कोणी काढला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी माठ ठेवल्यावर पहिल्यांदा मामाजी स्वतःच बाजेच्या काठाशी टेकले. धापा टाकत होते. बसल्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले की आम्ही लहान होतो तेव्हा हिरीवर ओंजळ धरून उभे राहायचो, लोक वरून पाणी सोडायचे, भांडं आमच्या हाताला लागू नये म्हणून. तहान लागली तरी मी कितीदा तिथून तसाच परत यायचो, पोरी.

मग त्यांनी पितळेचा पेला माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "दे."

मी ओगराळ्याने पेला भरला. त्यांनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून तो धरला. सगळं पाणी प्याले. त्यांना तहान नव्हती, हे मला कळत होतं, कारण नुकताच चहा झाला होता. त्यांनी रिकामा पेला पुन्हा माझ्यापुढे केला.